हेडसरांचा अंगठा

आमच्या समोरच्या सिस्टर सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं आहेत. त्यांना सगळी इमारत सिस्टर म्हणते, त्यांची सासूसुद्धा. ड्यूटीला जाण्याआधी रोज सकाळी त्या वरच्या मजल्यावरच्या हेडसरांच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी करायच्या, फुकट. मधुमेहाची जखम, चिघळली तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

पगारवाढीसाठी सरकारी नर्सांचा संप सुरू झाला आणि लिफ्टमध्ये सिस्टरांशी कुणी बोलेना. पाचव्या दिवशी पेपरात हेडसरांचं पत्र आलं. शुद्धलेखन निर्दोष, मजकूर विषारी. शेवटचं वाक्य : ‘सेवेचा बाजार मांडणाऱ्यांना रुग्णाला हात लावण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.’

दुसऱ्या दिवशी सात वाजून गेले तरी सिस्टर आल्या नाहीत. हेडसर लंगडत खाली उतरले.

“सिस्टर, पाय.”

“संप आहे, सर.”

“तो दवाखान्यात. इथे कुठे तुम्हाला पगार आहे?”

“पगार नाही, आणि तुमच्या मते अधिकारही नाही. हात कशाने लावू?”

दार बंद. हेडसरांनी घरीच कोरडी पट्टी खसकन ओढली. पट्टीबरोबर कातडीही आली. बायको म्हणाली, “आता ते पत्रच गुंडाळा पायाला. जाड कागद आहे.”

इमारत हेडसरांच्या बाजूने होती. बाई फार चढली आहे, असं जिन्यात सिस्टरांना ऐकू जाईल इतक्या हळू बोललं जायचं. पट्टी करायला मात्र कुणी पुढे झालं नाही. खाजगी डॉक्टरकडे ही गर्दी.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, हेडसरांनी स्वतःच गुंडाळलेल्या पट्टीखालून अंगठा काळपट दिसू लागला. बायकोने सिस्टरांना बोलावून आणलं. त्या ट्रे घेऊन आल्या, पण उभ्याच राहिल्या.

“आधी पेपराला दुरुस्ती लिहा.”

हेडसरांनी दात-ओठ खात लिहिलं : ‘मुद्रणदोषामुळे माझ्या पत्रातील शेवटचे वाक्य चुकीचे छापले गेले.’

सिस्टरांनी वाचलं. “छापणाऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं?”

“मी चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढल्यात, सिस्टर.”

“मग ही पण काढा.”

हेडसरांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं. मग ‘मुद्रण’ खोडलं, वर बारीक अक्षरात ‘माझ्या’ घातलं, आणि पुढचं ‘चुकीचे छापले’ खोडून ‘चुकीचे लिहिले’ केलं. कागद सिस्टरांकडे न बघता पुढे सरकवला.

सिस्टरांनी तो घडी करून खिशात टाकला, चिकटलेल्या पट्टीवर पाणी सोडलं आणि ती भिजेपर्यंत थांबल्या.

“दुखतंय,” हेडसर म्हणाले.

“दुखणारच. पाय वर घ्या.”