तलावाकाठचा खोटा साहेब

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण जुन्या केसेसचा विषय निघाला की मला आधी आठवतो तो तलावाकाठचा खोटा साहेब.

नागपूरच्या कडेला झाडी आणि तलाव असलेलं एक उद्यान आमच्या ठाण्याच्या हद्दीत होतं. सकाळी चालणारी मंडळी, सुट्टीला पोराबाळांचा गलका आणि दुपारी जोडपी. एका दुपारी हुडकेश्वरची एक तरुणी एकटीच ठाण्यात आली. तिचा नुकताच साखरपुडा झाला होता. होणाऱ्या नवऱ्यासोबत ती घरी न सांगता तिथे फिरायला गेली, तेव्हा खाकी जॅकेट घातलेल्या दोघांनी पोलीस असल्याचं सांगून त्यांना अडवलं. घरी फोन लावतो, असा दम देऊन तिची सोनसाखळी आणि साखरपुड्याची अंगठी काढून घेतली.

"सोबतचा मुलगा कुठे आहे?" मी विचारलं.

"तो नाही येत म्हणते. घरी माहीत पडन म्हणते."

"आणि तुमच्या घरी?"

"माहीत पडलं तर पडलं. तुम्ही लिहून घ्या, साहेब."

मी गुन्हा दाखल केला. अंगठी सासरची होती. ती सापडली नाही, तर या पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी उद्यानाच्या पार्किंगवाल्याकडून खबर आली. "दोन जण हायेत साहेब. गेटातून येतच नाहीत. मागच्या तुटलेल्या कुंपणातून घुसते."

मी सापळा लावला. साध्या कपड्यांत एक शिपाई आणि एक महिला शिपाई जोडपं बनून तलावाकाठी बसले. संध्याकाळ झाली, पण चिटपाखरूही फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी ती तरुणी तपासाचं विचारायला आली. मी तिला काय काय केलं ते सांगितलं. आमच्या मंडळींनी चटई अंथरली, डबा उघडला, पोळी-भाजी वाढून घेतली. पोलिसाला आधी पोट, मग तपास! ती हसायलाच लागली.

"साहेब, डबा घेऊन तर नवरा-बायको जाते. त्याहिले घरच्यांचा काहून भेव राहीन?"

पोरीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पुढच्या वेळी चटई नाही, डबा नाही. दोघं रस्त्याकडे पाठ करून, थोडं अंतर ठेवून, अवघडल्यासारखे बसले. थोड्याच वेळात खाकी जॅकेट हजर! "काय चालू हाय इथं?" त्याचं वाक्य संपायच्या आत आमच्या महिला शिपायाने त्याची कॉलर धरली. जोडीदार कुंपणाशी सापडला.

दोघांना वेगवेगळं बसवलं. म्होरक्या आधी तोंड उघडेना. अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो, त्याच्या हुशारीची तारीफ करावी. मी चहा मागवला आणि म्हणालो, "डोकं भारी चालवलं गा तू." गडी फुलला.

"कोणीच तक्रार करत नाही, साहेब. त्या अंगठीवालीसंगचा पोट्टा तर म्हणे, मी हिले ओळखतच नाही. पोरगी नुसती पाहतच राहिली त्याच्याकडे."

तिच्या जबाबात हे कुठेच नव्हतं. तिने त्याची अब्रू झाकली होती. मला त्या मुलाचा असा संताप आला की मी उठून बाहेर जाऊन आलो. पुढे साखळी आणि अंगठी सावनेरला म्होरक्याच्या मेहुण्याकडून पंचांसमक्ष जप्त केली.

न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल परत घ्यायला ती वडिलांसोबत आली. वडील रीतसर नमस्कार करून बसले. तिने सही केली, साखळी गळ्यात घातली आणि अंगठी वडिलांच्या हातात ठेवली.

"बाबा, हे त्यांच्या घरी वापस देऊन द्या."

"काय झालं वं?" एवढंच वडिलांनी विचारलं.

"मी सांगते तुम्हाले घरी," ती म्हणाली.

"बरं," म्हणत त्यांनी अंगठी खिशात टाकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दोघा भामट्यांकडे साधा चाकूही नव्हता. 'लोक काय म्हणतील' या एका धाकावर त्यांची दुकानदारी चालली होती. त्यांना अटक झाल्याचं कळल्यावर मात्र आणखी जोडपी तक्रार द्यायला आली. धाक हा कोणीतरी पहिल्यांदा मोडावा लागतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. आरोपी आम्ही पकडले, त्याचा अभिमान आहेच. पण त्या दिवशी अशा लेकीसोबत ठाण्याच्या पायऱ्या उतरणाऱ्या त्या बापाचा मला खरोखर हेवा वाटला.