भाईने माझा ट्रक धुतला

यंदा दसऱ्याला गोव्यात, साखळी गावातल्या आमच्या घरी एक ट्रक धुतला गेला. लांबी एक फूट. आणि तो मळका दिसावा म्हणून मी तीन आठवडे खपले होते...

ओळखीच्यांना ठाऊक आहे, शिक्षिकेच्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून मी गाड्यांची स्केल मॉडेल्स करते. किट आणायचं, एकेक भाग घासायचा, रंगवायचा, जोडायचा. किट घ्यायला गेले की दुकानदार अजून विचारतो, "नातवासाठी का?" मी लग्नच केलं नाही, नातू कुठून आणू?

या वेळी मनात आलं, भाईचा ट्रक करू. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ, आम्ही दोघं एकाच घरात राहतो. त्याने बावीस वर्षं सुर्ल्याच्या खाणीवरून स्वतःच्या टिपर ट्रकमधून खनिज वाहिलं. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, पुढे तो भंगारात गेल्याचं कानावर आलं. फोटो एकच उरलाय, तोही समोरून.

तसल्या ट्रकचं किट कुठे मिळत नाही. म्हणून परदेशी ट्रकचं घेतलं, केबिन कापून बदलली, मागचा हौदा प्लास्टिकच्या शीटमधून स्वतः तयार केला. मग मळवायला घेतला. नवंकोरं मॉडेल वापरलेलं दिसायला हवं, खरं कसब तिथेच लागतं. चाकांच्या वर गंज, दारांवर गंजाचे ओघळ, बॉनेटवर रंगाचे पापुद्रे... आणि वरून सुर्ल्याच्या रस्त्याकडेची खरी लाल माती, वेलचीच्या खलबत्त्यात कुटून, फडक्यातून गाळून.

हवा दमट होती म्हणून मॅट वार्निशचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. तो दिला की सगळं पक्कं बसतं. तीन दिवसांनी पणजीला मॉडेल्सचं प्रदर्शन होतं आणि स्पर्धेत माझी पहिलीच एन्ट्री.

दसऱ्याला सकाळी मी देवळात गेले. परत येते तर ट्रक व्हरांड्यात, उन्हात... चकचकीत! कपाळाला कुंकू, बॉनेटवर रोजाची फुलं, तीच हो, झेंडूची. चाकाखाली लिंबू मावेना म्हणून चाकापुढे ठेवलेलं. बाजूला माझीच टर्पेंटाइनची बाटली, भांड्यांचा साबण आणि एक जुना टूथब्रश. डावीकडचा आरसा मोरीतून गेला तो गेलाच.

रागावर ताबा ठेवायला दहापर्यंत आकडे मोजा, असं शाळेत नन्सनी शिकवलं होतं. मी तीनवर थांबले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, माझ्या काही विद्यार्थिनी ही पोस्ट वाचतात.

भाई शांतपणे कान खाजवत बसला होता. "अगो बाय, दसऱ्याक गाडी म्हेळी दवरतात?" दसऱ्याला मळकी गाडी ठेवतात का म्हणे!

मी फोन काढून त्याच्या नाकासमोर धरला. धुण्याआधीचे फोटो. बघ म्हटलं, बघ काय नासवलंस! त्याने चष्मा लावला, एकेक फोटो मोठा करून पाहिला. आणि मग त्याचाच आवाज चढला.

"माझ्या गाडीक गंज? हांव जिवंत आसताना? तीन आठवडे माझी अब्रू टेबलार मांडून दवरलंस गो!"

मी फोन खाली ठेवला.

तेव्हा माझी चूक कळली. पावसात खाणीचं काम चार महिने बंद असायचं आणि ते चार महिने भाई ट्रकखाली आडवा असायचा. खरवडणं, तेल, रंग. दसऱ्याला ट्रक रस्त्यावर यायचा तो नवरीसारखा. मी ज्या व्हिडिओंवरून गंज शिकले ते बर्फाच्या देशांतले. तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्या खालून कुजतात. तो गंज मी सुर्ल्याच्या ट्रकला चढवला होता, आणि ज्याचा ट्रक त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी ट्रक पुन्हा मळवला, गंज सोडून, आणि भाई माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. देवा... असा सुपरवायझर शत्रूलाही नको! माती वरून नाही, चाकांकडून वर चढते. ड्रायव्हरच्या दारावर कोपर टेकतं, तिथे रंग उडतो. हौद्याचा तळ खनिज घसरून घसरून चांदीसारखा होतो. बरोबर सगळंच होतं, पण सांगायची पद्धत! हातात ब्रश मी धरलेला आणि "हळू गो, हळू" तो म्हणणार.

रविवारी ट्रक पणजीला टेबलावर मांडला. नंबर आला नाही. परीक्षक तरुण गृहस्थ, शेरा लिहिला होता... गंज नसल्यामुळे ट्रक जुना वाटत नाही.

मी त्यांना गाठलं. म्हटलं, "साहेब, हा ट्रक बावीस वर्षं खनिजात चालला आणि त्याला गंज चढला नाही. नव्हता तो मी कुठून दाखवू?" भाई मागून माझी बाही ओढत होता, "सोड गो बाय, लोक बघतात." बघू देत!

बसमध्ये कंडक्टर खोका वर ठेवा म्हणाला. भाईने ऐकलं नाही. साखळीपर्यंत खोका मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला.

नंबर न आल्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर भाईने ट्रक बाहेर काढला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि कधी नव्हे ते त्यात एकही चूक काढली नाही. माझी स्पर्धा तिथे संपली... आभार त्याचेच, मला बरं वाटावं म्हणून तो कधी खोटी स्तुती करत नाही.