निडीच्या काकी आणि उपाशी जिवाणू

समोरचा उपाशी आहे असं नुसतं वाटलं, तरी निडीच्या काकींच्या घशाखाली घास उतरत नसे. रोह्याच्या आमच्या कॉलेजात त्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. काचेचं सामान धुणं, झाडलोट, किल्ल्या सांभाळणं. सिलिंडर पोचवायला आलेला माणूस असो, बाहेरून आलेले परीक्षक असोत की खिडकीतलं मांजर, पहिला प्रश्न एकच, "जेवलास काय?" परीक्षकांनाही 'जेवलास'च. मी पेणहून गाडीने यायचे, त्या निडीला चढायच्या, आणि रोहा येईपर्यंत माझा डबा उघडून, नाक मुरडून, त्यात वालाची उसळ भरून परत द्यायच्या.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी धरमतरच्या खाडीकाठचा चिखल आणला. भरतीबरोबर वाहून आलेलं प्लास्टिक तिथे वर्षानुवर्षं रुतून बसलेलं असतं. त्यावर जगणारे जिवाणू त्या चिखलात सापडतील, अशी आमच्या सरांना आशा होती. आम्ही सात फ्लास्क लावले. प्रत्येकात क्षारांचं पाणी, चिखलातून वेगळे केलेले जिवाणू आणि केकच्या पारदर्शक डब्यातून कापलेली, वजन करून घेतलेली प्लास्टिकची एक पट्टी. बाकी खायला काहीही नाही.

"म्हंजे प्लास्टिक खा, नायतर मर?" काकींनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"दात हायत काय त्यांना?"

मी समजावलं. दात नाहीत. ते अंगातून एक रस बाहेर सोडतात, त्याला विकर म्हणतात. प्लास्टिक म्हणजे एक लांबच लांब साखळी. एक विकर तिच्या कड्या तोडून तुकडे करतं, दुसरं त्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करतं, आणि मग ते जिवाणूंच्या पोटात जातं. काकींनी नीट ऐकून घेतलं.

"आमची सासू पण भाकरी आधी चहात भिजवायची," त्या म्हणाल्या. "पण गो, तिला भाकरी व्हती."

त्या दिवसापासून काकी प्रयोगशाळेत जेवेनाशा झाल्या. डबा घेऊन जिन्यात बसायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यांच्या देखत कशी खाऊ?" फ्लास्क ज्या उबदार कपाटात होते, त्याचं दार उघडून त्या रोज आत बघायच्या आणि सुस्कारा टाकून लावून घ्यायच्या. मला हसू यायचं. मी मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचे.

चौथ्या आठवड्यात चमत्कार झाला. सातपैकी सहा फ्लास्क ताकासारखे गढूळ झाले. गढूळ म्हणजे जिवाणू वाढले, आणि आत प्लास्टिकशिवाय खायला काहीच नाही, म्हणजे प्लास्टिकच खाल्लं! सर धावत प्राचार्यांकडे गेले. पट्ट्यांचं वजन करायचं राहिलं होतं, पण प्रमुख पाहुण्यांना एकच दिवस मोकळा होता, तेव्हा सत्कार आधी ठरला. 'प्लास्टिकमुक्तीकडे पहिले पाऊल' असा मोठा प्लास्टिकचा फलक लागला. पेणहून आई नवी साडी नेसून आली. पाहुण्यांनी भाषणात हे जिवाणू गावात घरटी एक फ्लास्क वाटायचं जाहीर केलं. त्यांना फक्त पावसाळी चपलांपासून लांब ठेवा, म्हणाले.

मग सर उठले. "या जिवाणूंनी महिनाभर केवळ प्लास्टिक खाऊन..."

"केवळ नाय," मागून आवाज आला. काकी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "सर, गूळ पण खाल्ला त्यांनी."

काकींनी ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. रोज चिमूटभर गूळ, उकळून गार केलेल्या पाण्यात. सहाच फ्लास्कना. सातवा वरच्या कप्प्यात होता, तिथे त्यांचा हात पोचत नव्हता. "त्याचं फार वाईट वाटतं," असंही म्हणाल्या.

पाहुणे चहा न घेताच गेले. घरी जाताना आई गाडीत नव्या साडीच्या निऱ्याच सारख्या करत बसली. मला रडू आवरेना. प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. पुढचे काही दिवस मी निडी आलं की डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचे. काकी शेजारी बसायच्या, उसळ मांडीवर तशीच.

प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला, तेव्हा त्या माझ्याकडेच कागद घेऊन आल्या. "माझं अक्षर बरं नाय. तू लिही."

"काय लिहू?"

"भूक बघवली नाय, म्हणून."

मी तेवढंच लिहिलं. प्राचार्यांनी तो कागद वाचला आणि खणात टाकून दिला.

पट्ट्यांचं वजन शेवटी केलं. गूळ खाल्लेल्या सहा फ्लास्कमधल्या पट्ट्या होत्या तशाच. सातवी मात्र किंचित हलकी झाली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर बारीक बारीक खड्डे दिसत होते. सरांनी उलगडा केला: आयता गूळ मिळाला की जिवाणू प्लास्टिक तोडणारं विकर बनवायचे कष्टच घेत नाहीत. शिवाय गुळाबरोबर आलेले परके जंतूही जेवून गेले होते. आम्ही सगळा प्रयोग पुन्हा मांडला. अर्ध्या फ्लास्कना शुद्ध साखर, अर्ध्यांना नाही. निकाल तोच आला आणि माझा प्रबंध त्यावरच उभा राहिला. काकींना सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "म्हंजे माणसागतच हायत."

त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी मला सगळ्या फ्लास्कमधले जिवाणू नष्ट करायचे होते. जिवंत जिवाणू तसेच मोरीत ओतता येत नाहीत, वाफेच्या दाबाखाली मारावे लागतात. मोठ्या कुकरसारख्या यंत्रात फ्लास्क ठेवून मी झाकण आवळलं.

"किती वेळ?" काकींनी विचारलं.

"वीस मिनिटं."

त्या डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभ्या राहिल्या. पूर्ण वीस मिनिटं. हसावं की काय करावं मला कळेना. थोड्या वेळाने मीही शेजारी उभी राहिले. शिट्टीसारखा आवाज करत वाफ सुटली. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "काकी, सगळे नाही गेले. थोडे एका नळीत ठेवलेत, फ्रीझरमध्ये. झोपलेत, पण जिवंत आहेत."

काकींनी यंत्राकडे बोट केलं.

"मग ह्यांनीच काय केलं व्हतं गो?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी झाकण उघडलं. गरम फ्लास्क फडक्यात धरून एकेक धुतला, पालथा घातला, आणि संध्याकाळच्या गाडीने निडीला गेल्या.