टपालपेटीवरची पितळी पाटी

चार वर्षं जर्मनीत डार्मश्टाटला नोकरी करणाऱ्या ऊर्मिलाचा व्हिसा शुक्रवारी संपत होता, त्यासोबत नोकरीही. मुदतवाढीच्या भेटीचं पत्र मात्र येत नव्हतं. शेवटी तिनं व्हिसा ऑफिसात फोन केला.

"पत्र दोनदा परत आलं," ऑफिसातली बाई म्हणाली. "त्या पत्त्यावर तुमचं नावच नाही. तुमची वेळ काल होती. आता दीड महिन्यानंतरची मिळेल."

"नाव आहे," म्हणत ऊर्मिला जिना उतरली.

खाली शेजारच्या लिंडनरआजी पत्रं काढत होत्या. "बरं का, तुमची ही नक्षी फार सुंदर आहे हं," त्या म्हणाल्या. "पण नाव कुठंय?"

आईनं पुण्याहून पाठवलेली पाटी मागच्या महिन्यात ऊर्मिलानंच हौसेनं, टपालपेटीवरची जुनी कागदी चिठ्ठी काढून तिथं चिकटवली होती. देवनागरीतलं 'ऊर्मिला नातू' लखलखत होतं.

ती नखांनी पाटी उचकटू लागली. निघेना.