घरच्या कॉम्प्युटरला पहिला नंबर

वीज जाऊन आली की आमचा प्रिंटर घराला सापडायचा नाही. वायफायचा राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता वाटतो, आणि वीज गेली की हा पत्ता बदलू शकतो. मी कागद पाठवायचो जुन्या पत्त्यावर, प्रिंटर बसलेला नव्यावर. शेवटी नेट जोडून देणाऱ्या माणसानं प्रिंटरला कायमचा पत्ता देऊन टाकला.

"काका, शेवटचा आकडा पन्नास. ह्यो आता बदलत न्हाय."

इथवर ठीक होतं. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला. प्रिंटरला कायमचा पत्ता, आणि घरच्या कर्त्या माणसाच्या कॉम्प्युटरला भाडेकरूसारखा बदलता? आमच्या कोल्हापुरात माणूस आधी नंबर ठरवतो आणि मग गाडी बघायला जातो. त्या नंबरापायी दागिने मोडणारे माझ्या ओळखीत आहेत. इथं तर नंबर फुकट होता. मग पन्नास, साठ कशाला? मी सरळ एक टाकला. एक हा आकडा राउटरनं स्वतःसाठी राखलेला असतो, हे ठाऊक असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. जेवायची हाक आली म्हणून कॉम्प्युटर बंद केला आणि भाकरी जरा जास्तच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची मुलाखत होती. पुण्यातल्या कंपनीत, हिशेब खात्यात, व्हिडिओवरून. आधीच्या दोन ठिकाणी नकार आलेला, त्यामुळे ही तिला हवीच होती. ती आतल्या खोलीत बोलायला बसली आणि मी बाहेर, अगदी आवाज न करता, माझा एक नंबरचा कॉम्प्युटर लावला. नेट नव्हतं. माझं गेलं म्हणजे तिचंही गेलंच असणार, असं धरून मी तत्परतेनं राउटर बंद करून पुन्हा चालू केला. तिचं तोवर झकास चाललं होतं.

"बाबा, काय केलासा?"

"काही नाही की."

राउटर उठला तेव्हा त्याच्या जागेवर मी आधीच बसलेलो. सगळे दिवे लागले, पण घरातलं एकही यंत्र चालेना. आमच्या घरात मोबाइलची रेंज दारात बोलण्यापुरती मिळते, व्हिडिओपुरती फक्त गच्चीवर. पोरगी लॅपटॉप उचलून जिना चढली. बाहेर पाऊस होता. मी दारात उभं राहून नेटवाल्याला फोन लावला.

"लाइन चालू हाय की काका. भाईरनं तुमचा पत्ता झ्याक दिसतोय."

"अरे, पण घरात काही चालत नाही."

"भाईरचा पत्ता येगळा. त्यो आमी दिल्याला, जगात एकच. घरातलं नंबर तुमचं तुमच्यात. त्यात हात घातलासा काय?"

मी सांगितलं.

"एक? काका, त्यो राउटरचा हाय. आता घरातलं समदं मशीन भाईर जायला तुमच्या दारात येऊन हुबं ऱ्हायलंय, आणि तुमास्नी वाट ठावं न्हाय. आदी कॉम्प्युटर बंद करा."

बंद केला. नेट आलं. ते सांगायला छत्री घेऊन धावत वर गेलो, तर ती मोबाइलवरून पुन्हा जोडली गेली होती. उलट्या बादलीवर लॅपटॉप, समोर ती उकिडवी. पुन्हा हलली असती तर पुन्हा तुटलं असतं. तिनं माझ्याकडे न बघता नुसतं लॅपटॉपच्या वर बोट दाखवलं. मी तिथं छत्री धरली.

पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, मघाशी काय झालं?

"घरी जरा नेटची अडचण झाली, मॅडम."

मग त्यांनी जीएसटीचा एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तिनं आदल्या दिवशी मला दोनदा म्हणून दाखवलं होतं, ते मला अर्धंअधिक पाठ झालं होतं. ती अडखळली. सुरुवात केली, थांबली, चुकीच्या टोकाकडून पुन्हा सुरुवात केली. माझ्या ओठांवर पुढचा शब्द होता आणि मानेवरून पाणी पाठीत उतरत होतं. दोन्हीचं मला काही करता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, ठीक आहे, पुढं जाऊ.

संपल्यावर तिनं लॅपटॉप मिटला.

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

"म्हणजे चांगलंच की."

"आधीच्या दोघांनी पण असंच म्हटलं होतं, बाबा," ती म्हणाली आणि लॅपटॉप पोटाशी धरून खाली गेली.

अजून कळवलेलं नाही. तिचा फोन वाजला की मी दुसऱ्या खोलीत जातो. तिथून ऐकू सगळं येतं. आज सकाळी गॅसवाल्याचा होता.