वाद हरायची नोकरी

मुलांनो,

परवा रविवारी फोनवर तुमच्यातल्या मोठीने विचारलं, "आजी, नोकरीत आपल्यावाचून त्यांचं अडलं पाहिजे, असं कसं करतात?" नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात पडावा असाच प्रश्न आहे. मी उत्तर देणार, तेवढ्यात तुमचे आजोबा मध्ये बोलले आणि सगळं श्रेय घेऊन गेले. म्हणून आज लिहून पाठवते. कागदावर मध्ये बोलता येत नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात मी आपल्या गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यात लागले. घरात आवरण्यासारखं काही उरलं नव्हतं. मसाल्याचे डबेसुद्धा इंग्रजी वर्णानुक्रमाने लावून झाले होते, आणि हळद 'टी'खाली असते हे आजोबांना काही केल्या पटत नव्हतं.

काम सोपं होतं. फोन घ्यायचा, वेळ द्यायची, पेशंटचं कार्ड काढून आत पाठवायचं. डॉक्टर मॅडम तुमच्या आईच्या वयाच्या. हात फार हलका, पण त्यासाठी पेशंट आतपर्यंत पोचायला हवा. आमचे पेशंट बाहेरच्या बाकावर बसायचे, आतल्या यंत्राची घरघर ऐकायचे आणि "अरे, गॅस चालू राहिला वाटतं" म्हणत उठून जायचे. एका सकाळी तिघांचे गॅस चालू राहिले.

इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला हे बघवेना. मी एकेका पेशंटचा अभ्यास सुरू केला आणि कार्डाच्या मागे पेन्सिलीने सूचना लिहू लागले. 'ह्यांना सुईची भीती नाही, पत्नीची आहे. दोघांना वेगळ्या वेळी बोलवावे.' 'ह्यांना मंडईतल्या आंब्यांबद्दल विचारावे. बोलण्यात रंगले की आत न्यावे.' 'ह्या रडतात. रडू द्यावे.' मग मी पेटीतली कार्डंही आडनावाप्रमाणे न लावता भीतीप्रमाणे लावली. आपल्या भागात एकेका आडनावाची इतकी माणसं आहेत, की आडनावाचा तसाही उपयोग नव्हता.

सगळ्यांत अवघड होते सर. निवृत्त प्राध्यापक. वादासाठी त्यांचं तोंड सदैव तयार, डॉक्टरांसमोर मात्र घट्ट मिटलेलं. बाकावर एखादा वाद जिंकले, की मात्र ते खुशीत आत जात. त्यांच्या कार्डामागे मी लिहिलं, 'वाद घालून हरावे.' दर खेपेला मी मन लावून हरत असे.

सहा महिन्यांत पेशंट पळायचे थांबले. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुमच्याशिवाय इथे पान हलत नाही." मी आठवडाभर त्याच आनंदात होते. मग तिकडून धाकट्याचा फोन आला. शाळेच्या नाटकात तो झाड होणार होता, आणि आजी पुढच्या रांगेत नसेल तर झाड होणार नाही म्हणत होता. तिकीटही आलं.

मॅडमचा चेहरा पडला. "महिनाभर? काकू, मग मी दवाखाना बंदच ठेवते." त्यांनी दम दिला असता तर मी भांडले असते. पण ते खरं होतं. त्या पेटीतून माझ्याशिवाय कुणालाही एक कार्ड काढता येत नव्हतं. मी हौसेने स्वतःलाच कुलूप लावून घेतलं होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "बदली माणूस आणा. सरांची अक्कलदाढ काढायची आहे. त्याने सरांना आत पाठवलं, तर खुशाल जा."

बदली माणूस एकच मोकळा होता. तुमचे आजोबा. त्यांचं आयुष्य सरकारी कचेरीत लोकांना नियम सांगण्यात गेलेलं. मी त्यांना पेटी शिकवली, ती दोन दिवसांत आली. हरणं येईना. मी घरी सर होऊन तालीम घेतली.

"मी म्हणते, चहात दूध आधी घालावं."

"अगं, चूक आहे ते."

"अहो, हरायचंय तुम्हाला!"

"हरतो की. पण आधी तू तुझी चूक मान्य कर."

मंगळवारी सर आले. त्यांनी विषय काढला, की मंडईतून मार्केट यार्डात जायला सेव्हन लव्हज चौकातून जवळ पडतं. आजोबांच्या मते स्वारगेटवरून. त्यांनी माझ्याच एका कोऱ्या कार्डावर नकाशा काढला आणि पाच मिनिटांत वाद जिंकला. सर म्हणाले, "आपल्याशी बोलण्यात अर्थ नाही." छत्री घेतली आणि दाढेसकट घरी गेले.

मला धाकट्याचं झाड दिसत होतं. दुपारी मी आजोबांना जेवायला वाढलं.

"लोणचं?" त्यांनी विचारलं.

"'पी'खाली आहे," मी म्हटलं.

तिकीट रद्द करायला मी फोन हातात घेतला, तेव्हा आजोबा म्हणाले, "शुक्रवारपर्यंत थांब." त्यांनी सरांना निरोप पाठवला होता, 'आपल्या चौकाबद्दल एक मुद्दा राहिला.'

शुक्रवारी सर वेळेच्या आधी हजर. मी कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसले होते.

"सर, आपलं बरोबर असूही शकेल," आजोबा म्हणाले. मी दचकले. "पण त्यात एक मोठी अडचण आहे."

"कोणती?"

"दाढ काढून या, मग सांगतो. लांबलचक आहे."

"आत्ता सांगा!"

"मॅडम खोळंबल्यात हो."

सरांनी आजोबांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि तरातरा आत गेले. आतून आवाज आला, "आवरा हो लवकर!"

बाहेर आले ते तोंडात कापसाचा बोळा घेऊन. अर्धा तास तोंड उघडायला बंदी होती. तो अर्धा तास आजोबांनी अडचण सविस्तर सांगितली. त्यांचा इतका सुखी चेहरा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. सरांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि कागदावर लिहिलं, 'उत्तर द्यायचे आहे. पुढची वेळ द्या.' स्वतःहून वेळ मागणारे ते आमचे पहिले पेशंट.

मी तिकडे आले. धाकट्या, तू उत्तम झाड झालास, फक्त डावी फांदी सारखं नाक खाजवत होती.

परत आले तर मॅडम दारातच भेटल्या. "काकू, या, या! पण काका असू देत हं." माझ्या खुर्चीत आजोबा बसले होते, आणि बाकावरचे लोक दात दाखवून झाले तरी घरी जात नव्हते. तेव्हापासून सकाळ माझी आणि संध्याकाळ त्यांची.

तेव्हा मोठीबाई, तू मन लावून काम कर, डोकं चालव. फक्त पेटी कुणाला तरी शिकवून ठेव, आणि शक्यतो नवऱ्याला नको.

पेटी अजून आहे, माझ्याच क्रमाने लावलेली. सरांच्या कार्डामागचं माझं 'हरावे' खोडून आजोबांनी 'अर्धे सोडावे' असं लिहिलंय. सरांचे दुखरे दात सगळे निघाले. वाद अजून चालू आहे.