उंटअळीचा उपास

माणूस रिटायर झाला का खाटेवर बसून खाट मोडते, असं मले वाटे. आमच्या घरी खाट वाचली, गंज गेला. लग्नकार्यात पन्नास माणसाचं वरण शिजवाचा माहा मोठा गंज संघदीपच्या बाबानं उचलला अन् त्यात जंतू वाढवाले घेतले.

संघदीपचे बाबा म्हणजे माहे मालक, धर्मपाल. पुसदच्या कॉलेजात तीस वर्षं यायनं प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुतल्या. सायबानं जे जे पोरायले शिकवलं ते पोरायच्या ध्यानात राह्यलं नाई, यायच्या राह्यलं. निरोपाच्या दिवशी सायबानं शाल देली, तं यायनं वरून एक चिमुकली नळी मागून घेतली. तिच्यात अळी मारणारे जंतू होते. माणसाले, ढोराले काई करत नाईत, फक्त अळीचं पोट बिघडवते.

आता जंतूले खाले पाह्यजे, अन् त्यायचं बाजारातलं खाणं लय महाग. मंग यायले आठवली महागावच्या रस्त्यावरची सोयापनीरची फॅक्टरी. तिथचं पिवळं पाणी नाल्यात सोडत, अन् त्या वासापायी सारं गाव फॅक्टरीवाल्या देवीलालभाऊच्या नावानं बोटं मोडे. हे कॅन घेऊन गेले तं देवीलालभाऊ म्हणे, पाणी घेऊन जा, वाटलं तं नालाबी घेऊन जा. झालं! नाल्याचा वास आमच्या आंगणात आला. पाणी उकळाचं, थंड कराचं, नळीतलं थेंबभर टाकाचं, अन् माशाच्या टाकीच्या पंपानं तीन दिवस त्यात हवा सोडाची. सून माहेरून आली तं दारातच नाकाले पदर लावून इचारते, आई, घरात काई मेलं काय? मी या माणसासंग चार दिवस बोलली नाई. त्यायच्या ते ध्यानातच आलं नाई.

तरी मी गंज फेकला नाई, तो माह्या भावापायी. मारोती मजुरीनं फवारणी करते. मांगच्या साली गावातल्या सदाशिवरावच्या वावरात सोयाबीनवर जहाल औषध मारून आला, अन् संध्याकाळी त्याले समोरचं दिसेना. चार दिवस दवाखान्यात त्याच्या पोटात पाणीबी ठरलं नाई. यंदा पुन्हा पानं खाणारी उंटअळी पडली अन् सदाशिवरावनं पुन्हा त्यालेच बलावलं. तो नाई म्हणत नव्हता. मजूर माणूस, कोणत्या तोंडानं म्हणीन? मले तं भेवानं झोप येत नव्हती.

म्हणून हे सदाशिवरावकडे गेले. सदाशिवराव माणूस वाईट नाई, घाईचे आहेत. भाकर तव्यावर असते तवाच ताट घेऊन बसते. त्यायनं सोयाबीनच्या आठ ओळी देल्या. म्हणे, मारा तुमचं पाणी. परवा सकाळपर्यंत गुण दिसला तं साऱ्या वावरात हेच मारू, नाई तं मारोती अन् माहं औषध.

ऊन कललं तसं यायनं फवारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवराव आले, मागं अर्धं गाव. उंटअळ्या पानावर जशाच्या तशा, जित्या. काडी लावली तं पाठ वर करून चालल्याबी. लोकं पोट धरून हसले. एक जण म्हणे, पाण्यासंग भातबी वाढाचा होता. जहाल औषधानं अळी घंटाभरात खाली पडते, तीच लोकायले सवय. हे म्हणाले, मरतीन दोन दिवसांत, पण खाणं आताच सुटलं आहे.

सदाशिवराव म्हणाले, "धर्मपालभाऊ, अळी उपाशी आहे हे तुमच्या कानात सांगून गेली काय?"

हे खाली मान घालून पानं उलटून पाहाले लागले. मले यायचा राग आला अन् कीवबी आली.

मी तशीच घरी आली. तीस वर्षं वाढून राह्यली मी. कोण जेवलं अन् कोण जेवलो म्हणून खोटं सांगते, हे मले उष्ट्या ताटावरून कळते. अळीचं ताट कुठं पाहाचं? पण जो खाते तो मागं काई तं टाकतेच! पेटीतून माहं चौदा एप्रिलचं पांढरं पातळ काढलं अन् मधोमध फाडलं. हे म्हणे, अवो नवं आहे ते. मी म्हटलं, गंज नेला तवा इचारलं होतं काय? अर्धं पातळ फवारलेल्या ओळीत झाडाखाली अंथरलं, अर्धं बिनफवारलेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सदाशिवराव औषधाची बाटली घेऊनच आले. मांगं मारोती, पाठीवर पंप. बिनफवारलेल्या ओळीतलं पातळ पाह्यलं तं कोणी मोहरी सांडल्यावानी, अळीच्या काळ्या लेंड्याच लेंड्या. फवारलेल्या ओळीत पातळ पेटीतून काढल्यावानी पांढरं, मोजून चार लेंड्या. सदाशिवराव उकिडवे बसले. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. एक लेंडी बोटानं चिरडून पाह्यली. अख्खं गाव अळीची लेंडी पाहाले वाकलं, अन् कोणी हसलं नाई.

मंग सदाशिवराव उठले अन् म्हणाले, "मारोती, पंप उतरव."

दुसऱ्या दिवशी त्या आठ ओळीतल्या अळ्या काळ्या पडून पानाले उलट्या लोंबत होत्या. साऱ्या वावरात आमच्या गंजातलं पाणी मारलं ते मारोतीनंच. दिवसभर कुरकुर करे, का यापरीस जहर बरं वासत होतं.

संध्याकाळी तो आमच्याकडं जेवाले बसला. बाजूले गंज बुडबुड करून राह्यला होता. तीन भाकरी खाल्ल्या अन् चौथी मागतली. म्हणे, ताई, या वासात तुम्ही जेवता तरी कसे?

मी त्याच्या ताटात भाकर टाकली अन् चुलीकडं तोंड केलं. डोये भरून आलते, ते त्याले कायले दाखवू?

"नाक दाब," म्हटलं, "अन् जेव."